रजोनिवृत्तीतील संप्रेरक उपचार: २००२ चा निर्णय आणि त्याच्या आगेमागे

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील औषध नियामकाने रजोनिवृत्तीसाठी दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या औषधांवरचा काळ्या चौकटीतला इशारा (औषधासोबतच्या माहितीतला सर्वांत कडक इशारा) बहुतांशी काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. २००३ पासून तो तिथे होता. पोटात घ्यायच्या गोळीवर होता, त्वचेवर चिकटवायच्या पट्टीवर होता आणि योनिमार्गातील कोरडेपणासाठी लावायच्या, रक्तात जेमतेम उतरणाऱ्या क्रीमवरही होता. एक अपवाद मात्र ठेवला गेला. गर्भाशय असलेल्या स्त्रीने सोबत प्रोजेस्टोजेन (अस्तराची वाढ रोखणारं दुसरं संप्रेरक) न घेता, सबंध शरीरावर परिणाम करणारं नुसतं इस्ट्रोजेन (या उपचारातलं मुख्य संप्रेरक) घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, हा इशारा कायम आहे. त्याबद्दल कुणाचं दुमत नाही.

हृदयविकार, पक्षाघात, स्तनांचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलच्या बाकीच्या इशाऱ्यावर मात्र मतभेद होते आणि तो काढल्यावरही ते मिटलेले नाहीत. ज्या मोठ्या चाचणीवरून तो आला, ती चाचणी ज्या प्रश्नासाठी उभारली होती तो प्रश्न एक होता आणि तिचं उत्तर ज्या प्रश्नाला लावलं गेलं तो दुसराच होता. फायदा-तोट्याची चर्चा आजही अडखळते ती बहुधा इथेच.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. इस्ट्रोजेन १९२९ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं करता आलं. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी १९४२ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. १९६६ मध्ये एका स्त्रीरोगतज्ज्ञाच्या पुस्तकाने ही गोळी म्हणजे चिरतारुण्याची हमी असल्याचा प्रचार केला आणि तो अफाट खपला. १९७५ मध्ये नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त आढळल्याचे शोधनिबंध आले आणि विक्री कोसळली. अस्तर वाढू नये म्हणून सोबत प्रोजेस्टोजेन देण्याची पद्धत रूढ झाल्यावर उपचार पुन्हा सावरला. तेव्हापासून याचे दोन प्रकार झाले: पिशवी काढलेल्या स्त्रियांसाठी नुसतं इस्ट्रोजेन, बाकीच्यांसाठी दोन्ही एकत्र. पुढचं सगळं समजून घ्यायला ही विभागणी लक्षात ठेवावी लागते, आणि नेमकी तीच बातम्यांमध्ये वारंवार गळून पडली.

१९८० च्या दशकात या गोळीला नवं काम मिळालं. तोवर ती हॉट फ्लशेस (अंगातून अचानक उठणाऱ्या गरम लाटा), रात्रीचा घाम, उडालेली झोप यांच्यासाठी होती. मग हाडांची ठिसूळता रोखण्यासाठी ती उपयोगी ठरते हे दिसलं. हे खरंच होतं आणि आजही खरं आहे, फक्त उपचार थांबवला की हाडांना मिळालेलं संरक्षण काही वर्षांत ओसरतं. पण मोठी आशा होती ती हृदयाबद्दल. पाळी जाईपर्यंत स्त्रियांना हृदयविकार पुरुषांपेक्षा कमी होतो, म्हणजे इस्ट्रोजेन हृदयाचं रक्षण करत असणार, असा तो तर्क. १९८५ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास छापले गेले. एकात संप्रेरकं घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी, दुसऱ्यात जास्त. पहिला अभ्यास परिचारिकांचा होता, बराच मोठा होता आणि लोकांना हव्या असलेल्या निष्कर्षाचा होता. दुसरा मागे पडला. त्याआधी, १९७० च्या आसपास, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देऊन पाहिलं गेलं होतं आणि नुकसान दिसल्यामुळे ते थांबवावं लागलं होतं. त्याची आठवणही कुणी फारशी काढली नाही.

निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासांची अडचण उघड होती. त्या काळात स्वतःहून संप्रेरकं घेणारी स्त्री साधारणपणे जास्त शिकलेली, सुस्थितीतली, व्यायाम करणारी, नियमित डॉक्टरांकडे जाणारी असे. तिचं हृदय गोळीमुळे ठणठणीत होतं की मुळातच तसं होतं, हे अशा अभ्यासातून कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निम्म्या जणींना खरी गोळी आणि निम्म्या जणींना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी द्यावी लागते. १९९८ मध्ये अशी पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रिया, सरासरी वय ६७. चार वर्षांनंतर हृदयाला एकूण फायदा शून्य, उलट पहिल्या वर्षी झटके जास्त. तोवर एका पिढीच्या डॉक्टरांनी साठी-सत्तरीच्या स्त्रियांना हृदयासाठी म्हणून या गोळ्या लिहून दिल्या होत्या.

आता २००२ कडे.

ज्या मोठ्या चाचणीवरून पुढे इशारा आला, ती सरकारी पैशावर चालणारी अमेरिकी चाचणी १९९० च्या दशकात सुरू झाली होती. गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रिया एकत्रित उपचाराच्या भागात होत्या, पिशवी काढलेल्या १०,७३९ नुसत्या इस्ट्रोजेनच्या भागात. वयोगट ५० ते ७९. एकत्रित भागातलं सरासरी वय ६३. पन्नाशीतल्या स्त्रिया फक्त एक तृतीयांश होत्या, आणि पाचातली एक तर सत्तरी ओलांडलेली होती. ज्यांना हॉट फ्लशेसचा तीव्र त्रास होता त्यांना यात सहभागी होण्यापासून परावृत्त केलं जाई, कारण औषधाविना गोळी वाट्याला आली असती तर त्या टिकल्या नसत्या, आणि आपल्याला कोणती गोळी मिळते आहे हेही त्यांना सहज कळलं असतं. चाचणीच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा नव्हता. म्हातारपणीचे आजार टाळण्यासाठी ही गोळी निरोगी स्त्रियांना द्यावी का, हाच तिचा प्रश्न होता. ज्या त्रासासाठी जगभरच्या स्त्रिया डॉक्टरांकडे जातात, त्या त्रासाचा प्रश्न तिने विचारलेलाच नव्हता.

साडेआठ वर्षं चालायची होती ती चाचणी सरासरी ५.२ वर्षांनी थांबवली गेली. स्तनांच्या कर्करोगाने आधी आखलेली धोक्याची रेषा ओलांडली होती आणि सगळ्या परिणामांची गोळाबेरीजही तोट्याकडे झुकत होती. ९ जुलै २००२ रोजी जाहीर घोषणा झाली. त्या गटातल्याच एका संशोधकाने दीड दशकानंतर लिहिलं की निबंध बहुतेक सहकाऱ्यांसमोर आला तेव्हा तो छपाईला गेलेला होता, बदलायला वेळच उरला नव्हता.

जगभर मथळा झाला तो २६ टक्क्यांचा: स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो. आकडा खोटा नव्हता. पण तो कशाचा २६ टक्के, हे वाचकाला सांगितलं गेलं नाही. औषधाविना गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला ३० जणींना हा कर्करोग झाला, खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांमागे वर्षाला ८ जास्त, पाच वर्षांत हजारी सुमारे ४. त्याच मापाने हृदयविकाराच्या घटना ७ जास्त, पक्षाघात ८ जास्त, फुप्फुसात गुठळी जाण्याच्या घटना ८ जास्त. दुसऱ्या पारड्यात आतड्याचा कर्करोग ६ कमी, खुब्याचं हाड मोडणं ५ कमी. निरोगी स्त्रीला प्रतिबंधक म्हणून द्यायच्या औषधाला हा हिशेब नामंजूर करायला पुरेसा आहे, आणि त्या अर्थाने चाचणीने आपलं काम चोख केलं. साठीनंतर हृदयासाठी ही गोळी सुरू करायची प्रथा तिने मोडली. त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं.

पण रात्री चार वेळा घामाने भिजून उठणाऱ्या, महिनोन् महिने सलग न झोपलेल्या ५१ वर्षांच्या स्त्रीचा हिशेब वेगळा असतो. तिच्या पारड्यात झोप, काम करण्याची ताकद, डोकं ठिकाणावर असणं, शरीरसंबंधातली वेदना थांबणं हे सगळं पडतं. त्या गोळाबेरजेत या कशालाच जागा नव्हती. तिलाही तोच मथळा दिला गेला. त्याहून अन्याय झाला तो चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या किंवा अंडाशय काढावे लागलेल्या स्त्रियांवर. चाचणीत पन्नाशीच्या आतली एकही स्त्री नव्हती. नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन न मिळाल्यास या स्त्रियांच्या हाडांना आणि हृदयाला असलेला धोका ठाऊक होता. तरी त्यांच्या हातातल्या वेष्टनावरही तोच इशारा आला आणि कित्येकींचा उपचार घाबरून बंद झाला.

२००४ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनचा भागही थांबवला गेला, तो पक्षाघाताच्या कारणाने: दहा हजारांमागे वर्षाला १२ जास्त. मात्र या भागात स्तनांचा कर्करोग वाढलेला नव्हता, उलट थोडा कमीच दिसत होता. ही गोष्ट मथळ्यात आली नाही. त्याआधी २००३ मध्ये दोन निष्कर्ष आले होते. ६५ च्या पुढे एकत्रित गोळी सुरू केलेल्या स्त्रियांमध्ये स्मृतिभ्रंश सुमारे दुप्पट, आणि ब्रिटनमधल्या दहा लाखांवर स्त्रियांच्या पाहणीत एकत्रित उपचार घेणाऱ्यांमध्ये स्तनांचा कर्करोग दुप्पट. ब्रिटनमधली पाहणी निरीक्षणाचीच होती. ज्या उणिवेवरून परिचारिकांच्या अभ्यासाचा हृदयाबद्दलचा निष्कर्ष बाद झाला होता ती तिच्यातही होती. पण या वेळी निष्कर्ष भीतीच्या दिशेने होता, त्यामुळे त्या उणिवेची चर्चा कमी झाली.

यानंतर अनेक देशांत हा उपचार लिहून देण्याचं प्रमाण काही वर्षांत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली गेलं. शिकाऊ डॉक्टरांची एक अख्खी पिढी रजोनिवृत्तीचा उपचार न शिकताच बाहेर पडली. आकडेवारीत न मोजलं गेलेलं मोठं नुकसान हेच, असं मला वाटतं.

२००७ मध्ये त्याच चाचणीचे आकडे वय आणि पाळी जाऊन झालेली वर्षं यांनुसार पुन्हा मांडले गेले. पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरुवात केलेल्यांमध्ये हृदयविकार वाढलेला नव्हता, वीस वर्षांनंतर सुरुवात केलेल्यांमध्ये वाढला होता. धमनी निरोगी असताना इस्ट्रोजेन तिला सांभाळतं आणि तिच्यात थर साचल्यावर तेच इस्ट्रोजेन थर अस्थिर करतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. २०१६ च्या एका चाचणीत ६४३ स्त्रियांच्या मानेतल्या धमनीची जाडी मोजली गेली. लवकर सुरुवात केलेल्यांमध्ये ती हळू वाढली, उशिरा सुरुवात केलेल्यांमध्ये फरक पडला नाही. म्हणून आज ‘साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत’ ही चौकट बहुतेक तज्ज्ञ संघटनांच्या शिफारशींत दिसते. मात्र ती चौकट लक्षणांच्या उपचारासाठी आहे. लक्षणं नसताना हृदय किंवा मेंदू राखण्यासाठी हा उपचार सुरू करावा, एवढा पुरावा अजून नाही. गेल्या काही वर्षांत उलट टोकाचा उत्साह वाढलेला दिसतो, तेव्हा हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं.

२०१७ मध्ये, मूळ चाचणीच्या १८ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, खरी गोळी आणि औषधाविना गोळी घेतलेल्या दोन्ही गटांत एकूण मृत्यूंचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. स्तनांच्या कर्करोगाचा प्रश्न मात्र इतका सरळ सुटलेला नाही. २०१९ मध्ये ५८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले. त्यानुसार पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं रोज दोन्ही संप्रेरकं घेणाऱ्या दर ५० स्त्रियांमागे, पुढच्या वीस वर्षांत, एकीला जास्तीचा कर्करोग होतो. प्रोजेस्टोजेन महिन्यातले काहीच दिवस घेतलं तर ७० मागे एक, आणि नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर २०० मागे एक. उपचार थांबवल्यावरही धोक्याचा काही भाग दहा वर्षांहून जास्त टिकतो. दुसरीकडे मूळ चाचणीच्या २०२० मधल्या पाठपुराव्यात नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांमध्ये हा कर्करोगही कमी आणि त्याने होणारे मृत्यूही कमी. दोन्ही अभ्यास मोठे आहेत, आणि नुसत्या इस्ट्रोजेनपुरते त्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. एकत्रित उपचाराने धोका वाढतो यावर मात्र दोन्हींचं एकमत आहे. २००२ ची भीती अवाजवी होती असं म्हणताना हे वाक्य गाळणं अप्रामाणिकपणाचं ठरेल.

नावाचाही एक गुंता आहे. या उपचाराला आधी ‘हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी’ म्हणत. ‘रिप्लेसमेंट’ म्हणजे गेलेलं परत भरून देणं. चाळिशीच्या आत पाळी गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा शब्द चपखल आहे, कारण तिथे शरीराला त्या वयात हवं असलेलंच कमी पडतं. एक्कावन्नाव्या वर्षी मात्र ते कमी होणं हा आजार नाही, आणि दिली जाणारी मात्राही तरुणपणीची पातळी गाठून देण्यासाठी नसते, लक्षणं आटोक्यात आणण्याइतकीच असते. म्हणून जाणकार संघटना आता ‘मेनोपॉजल हॉर्मोन थेरपी’ म्हणतात. मराठीत ‘संप्रेरक उपचार’ हा साधा शब्द या वादातून आपोआप सुटतो. ‘बायोआयडेंटिकल’ या शब्दाने वेगळाच घोळ घातला. मानवी संप्रेरकाशी तंतोतंत जुळणारं इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) नियामकाने मंजूर केलेल्या नेहमीच्या पट्टीतही असतं. पण हाच शब्द वापरून, मात्रेची खात्री नसलेली, मागणीनुसार घोटलेली मिश्रणं ‘नैसर्गिक’ म्हणून विकली गेली.

२००२ च्या चाचणीत एकच गोळी, एकाच मात्रेत तपासली गेली होती: घोडीपासून मिळवलेलं इस्ट्रोजेन ०.६२५ मिलिग्रॅम, सोबत कृत्रिम प्रोजेस्टोजेन २.५ मिलिग्रॅम. आज अनेक डॉक्टर आधी त्वचेवाटे दिलं जाणारं इस्ट्राडिओल आणि सूक्ष्मकण केलेलं प्रोजेस्टेरॉन (शरीरातल्या संप्रेरकाशी जुळणारं प्रोजेस्टोजेन) यांचा विचार करतात. त्वचेवाटे गेलेलं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालतं, म्हणून गुठळ्यांचा धोका वाढत नाही असं निरीक्षणाच्या अभ्यासांत दिसतं. या प्रोजेस्टेरॉनने, कृत्रिम प्रोजेस्टोजेनच्या तुलनेत, स्तनांच्या कर्करोगाचा धोका कमी वाढतो असंही एका फ्रेंच पाहणीत दिसलं. परंतु पन्नाशीतल्या हजारो स्त्रियांना ही जोडी चिठ्ठ्या टाकून देणारी आणि पंधरा-वीस वर्षं त्यांच्या मागे राहणारी चाचणी झालेली नाही. २००२ मध्ये वयाने मोठ्या स्त्रियांवरून तरुण स्त्रियांबद्दल अनुमान काढलं गेलं, तसंच आज जुन्या गोळीवरून आणि निरीक्षणांवरून नव्या पट्टीबद्दल काढलं जात आहे. किती वर्षं घ्यावं, याला शिफारशींमध्ये ठराविक कमाल मर्यादा नाही. दरवर्षी पुन्हा तपासून ठरवावं एवढंच सांगितलं जातं, आणि तो हिशेब लक्षणं किती आहेत, पिशवी आहे की नाही, घरात कर्करोगाचा किंवा गुठळ्यांचा इतिहास आहे का, यांवरून प्रत्येकीसाठी वेगळा मांडावा लागतो.