नर्व्ह ट्रान्सफर : लुळ्या पडलेल्या हाताला हालचाल परत देणारी शस्त्रक्रिया

एखाद्या स्नायूला हलवणारी नस दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल, तर शेजारच्या धडधाकट नसेतील थोडे तंतू काढून ते त्या स्नायूच्या नसेला जोडतात. या शस्त्रक्रियेला नर्व्ह ट्रान्सफर म्हणतात. ज्या नसेतून तंतू घेतले ती दाता नस आणि ज्या नसेला ते जोडले ती ग्राही नस. खांदा, कोपर आणि पंजा यांची गेलेली हालचाल परत मिळवण्यासाठी ही शस्त्रक्रिया मुख्यतः वापरली जाते.

हाताच्या सगळ्या नसा मानेच्या मुळाशी असलेल्या ब्रेकियल प्लेक्सस या जाळ्यातून येतात. मज्जारज्जूतून मान आणि छातीच्या वरच्या भागात बाहेर पडणारी सी-5 ते सी-8 आणि टी-1 अशी नसांची पाच मुळे मिळून हे जाळे बनते. दुचाकीवरून फेकला गेलेला माणूस खांद्यावर आपटतो तेव्हा खांदा खाली आणि डोके विरुद्ध दिशेला ओढले जाते. त्या हिसक्याने मुळे ताणली जातात, तुटतात, किंवा थेट मज्जारज्जूतून उपटली जातात. तुटलेल्या मुळाची दोन टोके दुसरीकडच्या नसेचा तुकडा घालून सांधता येतात. उपटलेल्या मुळाला मात्र वरच्या बाजूला टोकच उरत नाही, त्यामुळे स्नायूला हलवणारा संदेश दुसऱ्या नसेतून आणण्यावाचून इलाज नसतो. जन्माच्या वेळी बाळाची मान ओढली गेल्यानेही अशी इजा होऊ शकते.

या शस्त्रक्रियेमागचे सारे गणित वेळेचे आहे. नस तुटली की तुटीच्या पलीकडचे तंतू झडून जातात. ऑगस्टस वॉलर यांनी हे 1850 मध्ये दाखवून दिले. तुटीच्या अलीकडचे तंतू पुन्हा वाढू लागतात, पण दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. मानेपासून कोपर वाकवणाऱ्या, दंडाच्या बायसेप्स स्नायूपर्यंतचे 25 सेंटिमीटरच्या आसपासचे अंतर कापायला त्यांना आठ-नऊ महिने लागतात, आणि पंजातल्या लहान स्नायूंपर्यंत पोहोचायला दोन वर्षेही पुरत नाहीत. तोवर स्नायू वाट पाहत नाही. नसेचा संदेश घेणारी त्याची ठिकाणे सुमारे 12 ते 18 महिन्यांत नष्ट होतात, मांस आक्रसते आणि त्याची जागा चरबी व चिवट तंतू घेतात. मग नस पोहोचली तरी उपयोग होत नाही. नर्व्ह ट्रान्सफरमध्ये जोड स्नायूच्या अगदी दाराशी घातला जातो. वाढायचे अंतर काही सेंटिमीटरांवर येते आणि महिने वाचतात.

या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे कोपर वाकवण्यासाठी केली जाणारी ओबर्लिन शस्त्रक्रिया. फ्रान्सचे शल्यविशारद क्रिस्तोफ ओबर्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1994 मध्ये मांडली. दंडाच्या आतल्या बाजूला चीर देऊन करंगळीच्या बाजूने पंजात जाणारी अल्नर नस मोकळी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे आवरण उघडले की आत तंतूंच्या अनेक बारीक जुड्या दिसतात. शल्यविशारद एकेका जुडीला विजेच्या सुईने हलकासा झटका देतो आणि पंजाकडे पाहतो. एका जुडीने बोटे हलतात, ती सोडून द्यायची. दुसरीने मनगट करंगळीच्या बाजूला वाकते, ती घ्यायची. मनगट वाकवणारे इतर स्नायू असल्यामुळे तेवढी तूट सहसा जाणवत नाही. निवडलेली जुडी कापून, वळवून, बायसेप्सकडे जाणाऱ्या फांदीला केसाहून बारीक धाग्याने शिवतात. हे सारे चालू असताना रुग्णाला दीर्घकाळ टिकणारे स्नायू शिथिल करणारे औषध देऊन चालत नाही. ते दिले तर झटक्याला स्नायू प्रतिसादच देणार नाही, म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावे लागते. आता पुष्कळ ठिकाणी हाताच्या मधून पंजात जाणाऱ्या मीडियन नसेतील एक जुडी, कोपर वाकवणाऱ्या ब्रेकियालिस या दुसऱ्या स्नायूच्या नसेलाही जोडतात, म्हणजे कोपराला दोन स्नायूंचे बळ मिळते.

खांद्यासाठी मानेतल्या अ‍ॅक्सेसरी नसेची खालची फांदी खांद्याच्या स्नायूंकडे जाणाऱ्या सुप्रास्कॅप्युलर नसेला जोडतात, आणि कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्स स्नायूच्या नसेची एक फांदी पाठीमागून खांद्याच्याच अ‍ॅक्सिलरी नसेला. ही दुसरी जोडणी थायलंडच्या सोमसाक लीचावेंगवाँग यांनी 2003 मध्ये रूढ केली. पाचही मुळे उपटलेली असतील तर हातात दाता म्हणून घेण्याजोगे काहीच शिल्लक राहत नाही. अशा वेळी बरगड्यांमधल्या नसा किंवा छातीच्या पडद्याची फ्रेनिक नस घेतात, तर कधी थेट दुसऱ्या बाजूचे सी-7 मूळ. हे शेवटचे धाडस शांघायच्या गू युदोंग यांनी 1986 मध्ये प्रथम केले. अशा रुग्णांत कोपर आणि खांदा यांना प्राधान्य असते. बोटांची नाजूक कामे परत येण्याची आशा फार थोडी असते, आणि हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच सांगितले पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतरचा खरा पल्ला मेंदूचा आहे. ओबर्लिन जोडणीनंतर काही महिन्यांनी बायसेप्समध्ये पहिली फडफड दिसते ती मनगट वाकवताना. रुग्णाला कोपर वाकवायचे असते, पण मेंदूतला हुकूम अजून मनगटाच्या नावाने सुटतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट आधी मनगट वाकवून मूठ आवळायला आणि त्याच क्षणी कोपर उचलायला लावतात. बरगडीची नस जोडली असेल तर दीर्घ श्वास घेताना किंवा खोकताना कोपर आपोआप वर येते. सरावाने हळूहळू हे दोर सुटे होतात आणि मनात आणताच कोपर वळते. तोपर्यंत सांधे आखडू नयेत म्हणून रोज ते दुसऱ्या हाताने हलवत राहावे लागतात. आखडलेल्या सांध्यापुढे उत्तम जोडणीही हतबल ठरते.

बंद जखमेत, म्हणजे कातडी न फाटता आत नसेला इजा झाली असेल तर, पहिले तीन महिने आपोआप सुधारणा होते का हे पाहतात. तीन-चार आठवड्यांनी ईएमजी (स्नायूंतील विद्युत हालचाल मोजणारी तपासणी) आणि मुळे उपटली असल्याची शंका असल्यास एमआरआय करतात. स्नायूची ताकद 0 ते 5 या श्रेणीत मोजतात. श्रेणी 3 म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल. सुधारणेचे चिन्ह नसेल तर तीन ते सहा महिन्यांत शस्त्रक्रिया झालेली बरी. नऊ महिन्यांनंतर यशाची शक्यता घसरत जाते. ‘हळूहळू येईल’ या दिलाशावर वर्ष घालवलेले रुग्ण आजही येतात, आणि ते नुकसान कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही.

मज्जारज्जूच्या इजेने चारही अवयव लुळे पडलेल्यांसाठीही ही पद्धत वापरली जाते. इजेच्या खालचे चेतापेशी-स्नायू दुवे अनेकदा शाबूत असतात, त्यामुळे काही स्नायूंच्या बाबतीत मुदत थोडी सैल असते. मेलबर्नमधील 16 तरुण रुग्णांवरील अभ्यास 2019 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. त्यात 59 जोडण्यांच्या आधारे अनेकांना कोपर सरळ करणे, पंजा उघडणे आणि वस्तू पकडणे जमू लागले.

मुळे उपटल्यावर होणारी जळजळीत वेदना मात्र या शस्त्रक्रियेने हमखास जात नाही, तिच्यावर वेगळे उपचार लागतात. आणि ज्यांच्या दंडाचा स्नायू वाट पाहून संपला आहे, त्यांच्यासाठी मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू रक्तवाहिन्यांसह दंडात आणून बसवतात आणि त्याच्या नसेला बरगड्यांमधल्या नसा किंवा अ‍ॅक्सेसरी नस जोडतात.