ब्रिटिश कुटुंबजीवन

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील सर्वसाधारण कुटुंबाची राहणी, खाणेपिणे, मुलांचे संगोपन आणि सणवार यांची जी एक घडी बसलेली आहे, तिला येथे ब्रिटिश कुटुंबजीवन म्हटले आहे. भाषा एकच असल्यामुळे दुरून पाहणाऱ्याला ही घडी अमेरिकन कुटुंबाच्या घडीसारखीच वाटते. लंडनलाही आणि न्यू जर्सीलाही नातेवाईक असलेली मराठी घरे पुष्कळदा दोन्ही देशांना एकाच मापाने मोजतात. प्रत्यक्षात दोहोंच्या रोजच्या व्यवहारात बरेच अंतर आहे. इंग्रज माणूस अबोल आणि अमेरिकन माणूस मोकळा, असे सांगून या अंतराचे कारण स्वभावात शोधण्याची प्रथा आहे. परंतु ती वरवरची आहे. घराला मिळणारी जागा आणि कुटुंबाच्या कोणत्या गरजांचा भार शासनाने उचलायचा हा निर्णय, या दोन गोष्टींतून बहुतेक फरक निपजले आहेत.

ब्रिटिश कुटुंबाचे घर बहुधा दुसऱ्या घराला चिकटलेले असते. सामाईक भिंतींनी जोडलेली, एका ओळीत उभी असलेली टेरेस्ड घरे आणि मधली एकच भिंत वाटून घेणारी सेमी-डिटॅच्ड जोडघरे हे तेथील नेहमीचे प्रकार होत. इंग्लंडमधील सुमारे एक पंचमांश घरे १९१९ पूर्वीची आहेत, आणि सरासरी घराचे क्षेत्र ९५ चौरस मीटरांच्या, म्हणजे हजारएक चौरस फुटांच्या, आसपास भरते. अमेरिकेत नव्याने बांधले जाणारे घर सामान्यतः २,००० चौरस फुटांहून मोठे असते. या फरकामागे केवळ जमिनीची टंचाई नाही. १९४७ साली ब्रिटनमध्ये नगर व ग्राम नियोजनाचा कायदा संमत झाला, त्यानुसार स्वतःच्या जमिनीवर बांधकाम करण्यासही स्थानिक कौन्सिलची परवानगी आवश्यक ठरली, आणि पुढे मोठ्या शहरांभोवती हरितपट्टे, म्हणजे बांधकामाला आळा घातलेली मोकळी जमीन, राखले गेले. त्याच वर्षी न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटाउन या मोठ्या उपनगरी वसाहतीचे काम सुरू झाले. माजी सैनिकांना मिळणारी सवलतीची कर्जे आणि १९५६ नंतर बांधले गेलेले आंतरराज्य महामार्ग यांच्या बळावर अमेरिकन कुटुंब शहराबाहेर ऐसपैस पसरत गेले. एका देशाने शहराची वाढ कायद्याने आवरली, तर दुसऱ्याने तिला मोकळी वाट करून दिली.

जागेचा हा हिशेब घरातल्या प्रत्येक वस्तूत दिसतो. कपडे धुण्याचे यंत्र स्वयंपाकघरातच ओट्याखाली बसवलेले असते आणि फ्रिजही बेताचाच असतो, त्यामुळे आठवड्यातून दोनतीनदा थोडी थोडी खरेदी करण्याची सवय टिकून आहे. धुतलेले कपडे उन्हाची तिरीप दिसताच मागच्या बागेतील दोरीवर जातात आणि हिवाळ्यात गरम पाण्याच्या रेडिएटरवर वाळतात. अमेरिकेत बहुतेक कुटुंबे ड्रायर वापरतात आणि काही वसाहतींच्या नियमांनी बाहेर कपडे वाळत घालण्यावर बंदीही घातलेली आहे. न्हाणीघरातला दिवा छताला टांगलेली दोरी ओढून लावावा लागतो, कारण २३० व्होल्टचा दाब असल्याने ओल्या हाताजवळ बटण किंवा साधे सॉकेट बसवण्यावर कडक निर्बंध आहेत. दाढीच्या यंत्रापुरते एक खास सॉकेट तेवढे चालते आणि केस वाळवण्याचे काम शेजघरात होते. जुन्या बेसिनवर गरम आणि थंड पाण्याचे दोन स्वतंत्र नळ असतात, ही गोष्ट अमेरिकन पाहुण्याला हमखास खटकते. त्यामागे कारण आहे. थंड पाणी थेट सार्वजनिक नळातून येत असे, तर गरम पाण्याला माळ्यावरच्या टाकीतून पुरवठा होई व ते पिण्यास योग्य मानले जात नसे. दोन्ही पाणी मिसळू नये हा त्यातला हेतू. नव्या घरांत आता एकत्र नळ सर्रास बसवले जातात.

विजेच्या किटलीला ब्रिटिश घरात जे स्थान आहे, ते अन्य कोणत्याही उपकरणाला नाही. १३ अँपिअरच्या प्लगवर तिला सुमारे तीन किलोवॉट वीज मिळते. अमेरिकेत १२० व्होल्टच्या दाबामुळे तशीच किटली सहसा दीड किलोवॉटवर चालते व पाणी उकळायला जवळपास दुप्पट वेळ घेते. त्यामुळे तिथे कॉफीच्या यंत्राने ती जागा घेतली आहे. ब्रिटनमध्ये सकाळी उठल्यावर, बाहेरून आल्यावर, वाईट बातमी ऐकल्यावर आणि प्लंबर दुरुस्तीला आल्यावरही किटली लावली जाते. या सवयीचे माप विजेच्या जाळ्यावरही उमटते. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलचा इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यातील उपांत्य सामना संपला, तेव्हा देशभर एकाच वेळी किटल्या सुरू झाल्याने विजेची मागणी सुमारे २,८०० मेगावॉटने उसळली. अशा उसळीला तोंड देण्यासाठी उत्तर वेल्समधील डिनॉर्विग येथे १९८४ पासून एक जलविद्युत केंद्र कार्यरत आहे. वरच्या तळ्यातील पाणी खाली सोडून ते काही सेकंदांत पूर्ण क्षमतेने वीज देऊ शकते.

आठवड्याच्या जेवणांत रविवारचा रोस्ट हा अजूनही कुटुंबाला एकत्र बसवणारा प्रसंग आहे. गोमांस, कोकराचे मांस, डुकराचे मांस किंवा कोंबडी भट्टीत सावकाश भाजली जाते आणि त्याच वेळी बटाटे चरबीत कुरकुरीत होत असतात. गोमांसाबरोबर यॉर्कशायर पुडिंग हवेच. मैदा, अंडी आणि दूध यांचे सरसरीत पीठ धूर निघेपर्यंत तापलेल्या चरबीत ओततात. ते कडांनी फुगून वाटीसारखे उभे राहावे लागते, आणि त्यासाठी मध्येच भट्टीचे दार उघडायचे नाही हे प्रत्येक घरातील मुलाला ठाऊक असते. उरलेले मांस सोमवारी थंड खातात किंवा त्याचा खिमा करून त्यावर कुस्करलेल्या बटाट्यांचा थर देतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ च्या कायद्यामुळे मोठी दुकाने रविवारी फक्त सहा तास उघडी राहू शकतात, हेही या जेवणाच्या पथ्यावर पडले आहे. इतर दिवशी लहान मुले संध्याकाळी पाचच्या सुमारास जेवतात. उत्तर इंग्लंडमध्ये व स्कॉटलंडमध्ये सगळ्या घराचेच मुख्य जेवण लवकर होते, तर दक्षिणेकडील सुखवस्तू घरांत मोठी माणसे मुले झोपल्यावर बसतात. काटा डाव्या हातात आणि सुरी उजव्या हातात शेवटपर्यंत धरण्याची पद्धत आहे. मांस कापून झाल्यावर काटा उजव्या हातात घेण्याची अमेरिकन रीत येथे परकी वाटते.

मूल जन्माला येते, तेव्हा दोन्ही देशांतील सर्वांत खोल फरक समोर येतो. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेमुळे, म्हणजे एनएचएसमुळे, प्रसूतीनंतर कुटुंबाच्या हाती रुग्णालयाचे बिल पडत नाही. पहिल्या काही दिवसांत मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, घरी येऊन बाळबाळंतिणीला पाहून जाते, आणि पुढे बाळाच्या वाढीकडे लक्ष देणारी हेल्थ व्हिजिटर येते. बाळाचे वजन, लसी आणि वाढीचे आलेख लाल मुखपृष्ठाच्या एका वहीत नोंदवले जातात व ही वही आई वर्षानुवर्षे जपून ठेवते. आईला ५२ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते, आणि पात्र नोकरदार आईला त्यांतील ३९ आठवडे वेतन मिळते: पहिले सहा आठवडे पगाराच्या ९० टक्के आणि उरलेले ३३ आठवडे कमाल मर्यादा असलेल्या ठरावीक दराने. हा दर तुटपुंजा आहे, ही तक्रार रास्त आहे. तरीही अमेरिकेशी तुलना केली तर पारडे फार झुकते. तेथील १९९३ चा संघीय कायदा बारा आठवड्यांच्या बिनपगारी रजेचा हक्क देतो, आणि खासगी आस्थापनांत तोही पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तरच. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी स्वतःच्या योजना त्यात जोडल्या आहेत. अमेरिकन कुटुंबाचा आरोग्यविमा बहुधा नोकरीशी बांधलेला असल्यामुळे नोकरी सोडण्याचा विचार म्हणजे मुलांच्या डॉक्टरचाही विचार ठरतो. ब्रिटिश कुटुंबाच्या डोक्यावर ही टांगती तलवार नसते, हे या समाजाने कमावलेले मोठे सुख आहे. त्याच्या बदल्यात तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागते.

पगारी सुट्टीचेही असेच आहे. पूर्णवेळ कामगाराला वर्षाला किमान २८ दिवस पगारी रजा मिळणे ब्रिटनमध्ये बंधनकारक आहे व त्यांत बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, धरता येतात; अमेरिकेत असा संघीय कायदाच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात सहकुटुंब एकदोन आठवडे स्पेनच्या किनाऱ्यावर किंवा कॉर्नवॉलमध्ये जाणे ही मध्यमवर्गाची ठरलेली गोष्ट झाली आहे.

इंग्लंडमध्ये मूल साधारणतः चार वर्षांचे होताच रिसेप्शन या शाळेच्या पहिल्या वर्गात गणवेश घालून दाखल होते, तर अमेरिकन मूल पाच वर्षांचे झाल्यावर, बहुतेक सरकारी शाळांत गणवेशाविना, किंडरगार्टनला जाते. सरकारी प्राथमिक शाळेसाठी १५ जानेवारीपर्यंत अर्ज करायचा आणि १६ एप्रिलला शाळेचे नाव कळायचे, या तीन महिन्यांत पालकांचा जीव टांगणीला लागलेला असतो, कारण प्रवेश देताना घरापासूनचे अंतर पुष्कळ ठिकाणी निर्णायक ठरते आणि चांगल्या शाळेजवळची घरे त्यामुळेच महागतात. उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची असते, अमेरिकेत ती दहाअकरा आठवड्यांपर्यंत लांबते. शाळा चालू असताना मुलाला परवानगीशिवाय सहलीला नेले, तर इंग्लंडमध्ये दंड होतो. ऑगस्ट २०२४ पासून तो प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे व २१ दिवसांत न भरल्यास १६० पौंड होतो.

कुमारवयातील स्वातंत्र्य दोन्हीकडे वेगळ्या वाटेने येते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षी गाडी चालवता येते व उपनगरातील मुलाचे मित्रमंडळ त्या परवान्यावरच अवलंबून असते. ब्रिटनमध्ये मोटार शिकण्याचे वय सतरा आहे, परंतु त्याआधीच मूल बसने किंवा पायी एकटे फिरू लागते. मद्याच्या बाबतीत ब्रिटिश कायदा सैल आहे: खरेदीचे वय अठरा, आणि सोळासतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या सोबत जेवणाबरोबर बिअर, वाइन किंवा सायडर घेता येते. अमेरिकेत ही मर्यादा एकवीस वर्षे आहे. पब हे ब्रिटनमध्ये आईवडील, मुले, आजी आणि कुत्रा यांनी मिळून जेवायला जाण्याचेही ठिकाण आहे.

सणांत नाताळ सर्वांत मोठा. २५ डिसेंबरला रेल्वे जवळजवळ पूर्ण बंद असते. दुपारच्या जेवणात टर्की असते, आणि जेवणापूर्वी दोघांनी दोन टोके ओढून कागदी क्रॅकर फोडायचा व त्यातला कागदी मुकुट घालूनच जेवायचे. तीन वाजता राजाचे भाषण प्रसारित होते; ही प्रथा पाचव्या जॉर्जने १९३२ साली रेडिओवरून सुरू केली. दुसरा दिवस, बॉक्सिंग डे, उरलेल्या अन्नाचा आणि फुटबॉलचा. टर्कीचे मोठे कौटुंबिक जेवण अमेरिकन माणूस नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, उरकून मोकळा झालेला असतो. स्कॉटलंडमध्ये मात्र नाताळला १९५८ पर्यंत सार्वजनिक सुट्टी नव्हती. तेथे वर्षअखेरच्या हॉगमनेला अधिक मान आहे.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांचा या घडीशी जुना संबंध आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे, आणि एनएचएसच्या उभारणीत भारतातून गेलेल्या डॉक्टरांचा वाटा मोठा. ऑक्टोबरअखेरची आठवड्याची शालेय सुट्टी कधी कधी दिवाळीला लागून येते, तेव्हा फराळाला सवड मिळते. मात्र आजी-आजोबांच्या बाबतीत मराठी घराला अमेरिकाच सोयीची पडते. अमेरिकन नागरिक झालेल्या मुलाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागता येते आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ब्रिटनने जुलै २०१२ पासून ही वाट फार अरुंद केली: रोजच्या साध्या हालचालींसाठीही दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते आणि ती मायदेशी मिळू शकत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध केल्याशिवाय आईवडिलांना कायमचे आणता येत नाही. म्हणून पुण्याहून किंवा नागपूरहून आलेले आजी-आजोबा नातवंडाचे बाळपण बहुधा पर्यटक व्हिसावर, एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने, पाहतात.