न्यू जर्सीची पब्लिक स्कूल आणि लंडनची पब्लिक स्कूल

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतून बरीच कुटुंबं बाहेर गेली. कुणी न्यू जर्सीला, कुणी लंडनला. जाण्याआधी मुलांच्या शाळेचा विषय निघाला की एका शब्दापाशी हमखास घोळ होतो: पब्लिक स्कूल. ठाण्यात ही पाटी दिसली की टाय, स्कूलबस आणि भरभक्कम फी. मग तिकडेही तसंच असणार, असं आपण धरून चालतो.

अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे करांच्या पैशांवर चालणारी, बिनफीची सरकारी शाळा. आपल्याकडे महापालिकेची असते तशी. फरक एवढाच की तिथे इंजिनिअरची आणि ट्रकचालकाची मुलं सर्रास एकाच वर्गात बसतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. इंग्लंडमध्ये मात्र पब्लिक स्कूल म्हणजे ईटन, हॅरोसारख्या जुन्या, महागड्या खाजगी शाळा. ईटन तर 1440 सालची. गाव किंवा पंथ न बघता फी भरणाऱ्या कुणालाही दार उघडं, म्हणून ‘पब्लिक’. 1 जानेवारी 2025 पासून तिथल्या खाजगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅटही लागतो. बिनफीच्या शाळेला तिथे ‘स्टेट स्कूल’ म्हणतात. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांच्या मुलांना ती मिळते.

म्हणजे तुलना करायची ती अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलची आणि इंग्लंडमधल्या स्टेट स्कूलची. दोन्ही फुकट, दोन्हीकडे घराचा पत्ता लागतो. पण तो पत्ता दोन ठिकाणी दोन वेगळी कामं करतो, आणि लोक फसतात ते इथेच.

न्यू जर्सीत घर कुठल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात, आहे त्यावर शाळा ठरते. भाडेकरार, विजेचं बिल, जन्मदाखला दाखवला की त्या डिस्ट्रिक्टला मूल घ्यावंच लागतं, वर्ष अर्धं सरलेलं असलं तरी. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघत असल्यामुळे चांगलं नाव असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये घरभाडं चढं असतं. फी वाचते, पण तिचा बराच भाग भाड्यात जातो.

इंग्लंडमध्ये पत्त्यामुळे रांगेत जागा मिळते, वर्गात मिळेलच असं नाही. रिसेप्शन (इयर वनच्या आधीचा, शाळेतला पहिला वर्ग), इयर वन आणि इयर टू या वर्गांत एका शिक्षकामागे 30 मुलांची मर्यादा कायद्याने घातलेली आहे. मध्येच पोचलात आणि समोरच्या शाळेत 30 भरलेले असतील, तर कौन्सिल, म्हणजे तिथली स्थानिक पालिका, लांबची शाळा सुचवते. दोन भावंडं दोन शाळांत जाण्याची वेळही येते. नव्या जागी, हाताशी गाडी नसताना, आईबाबांची किती तारांबळ होत असेल! म्हणून माझं कळकळीचं सांगणं: भाडेकरारावर सही करण्याआधी आपल्या मुलाच्या इयरमध्ये कुठे जागा आहे, हे त्या भागातल्या कौन्सिलला किंवा शाळांना विचारा. सप्टेंबरपासून रिसेप्शनला घालायचं असेल तर अर्जाची मुदत 15 जानेवारी, इयर सेव्हनसाठी, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षासाठी, आधीच्या वर्षीची 31 ऑक्टोबर.

इयत्तांचे आकडेही जुळत नाहीत. आपली चौथी म्हणजे साधारण अमेरिकेतली फोर्थ ग्रेड, पण इंग्लंडमधलं इयर फाइव्ह, कारण तिथे इयर वन पाचव्या वर्षीच सुरू होतं. मूल एक वर्ष पुढे ढकललं, असं समजून घाबरू नका. इंग्लंडमध्ये वर्ग मुख्यतः वयावरून ठरतो, मार्कशीटवरून नाही.

लसींची गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते. इंग्लंडमध्ये शाळाप्रवेशाला लसीकरणाची सक्ती नाही. न्यू जर्सीत आहे, आणि त्यात गालगुंड व कांजिण्याही येतात. आपल्या सरकारी लसीकरणात एमआर (गोवर-रुबेला) मिळते, गालगुंडाचीही लस असलेली एमएमआर नाही. कांजिण्यांची लसही त्यात नाही. महापालिकेच्या दवाखान्यात लसी घेतलेल्या असतील तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना कार्ड दाखवा, राहिलेले डोस ठाण्यातच उरकून घ्या आणि तारखा इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या.