रिकाम्या दिसणाऱ्या कुपीमागची पन्नास वर्षं

रिकॉम्बिनंट मानवी प्रथिनाची, म्हणजे माणसाचं जनुक दुसऱ्या जिवात घालून बनवून घेतलेल्या प्रथिनाची, कुपी पहिल्यांदा हातात आली की ती रिकामीच वाटते. दहा मायक्रोग्रॅम सुकवलेलं प्रथिन डोळ्यांना दिसतच नाही, शिवाय कसारा घाटाचे हादरे खात नाशिकला पोचेपर्यंत ते झाकणाला चिकटलेलं असू शकतं. म्हणून उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, एक फेरी. लेबलवर मात्र बरंच काही असतं: ई. कोलाय (प्रथिन बनवणारा जिवाणू), हिज-टॅग, कॅरियर-फ्री. गंगापूर रोडवरच्या कॉलेजांतली एमएस्सीची मुलं हे शब्द पाठ करतात. ते आले कुठून, हे फारसं कोणी सांगत नाही.

आधी मानवी किंवा प्राण्यांची प्रथिनं मिळायची ती थेट अवयवांतून. इन्शुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून, वाढीचं संप्रेरक मृत माणसांच्या पियुषिका ग्रंथीतून. सोमॅटोस्टॅटिन हे अवघ्या १४ अमिनो आम्लांचं संप्रेरक, पण ते वेगळं करायला लाखो मेंढ्यांचे मेंदू लागले आणि हाती आले काही मिलिग्रॅम.

१९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी परकं जनुक जिवाणूत घालून दाखवलं. लगेच भीतीही पसरली, आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमारला शास्त्रज्ञांनी स्वतःच स्वतःला नियम घालून घेतले. १९७७ मध्ये बॉयर, इताकुरा आणि रिग्ज यांनी हेच सोमॅटोस्टॅटिन ई. कोलायकडून बनवून घेतलं. मला या गोष्टीतली पहिली फजितीच जास्त आवडते: सुरुवातीला काहीच मिळेना, कारण एवढासा परका तुकडा जिवाणू लगेच फस्त करत होता. मग तो जिवाणूच्याच बीटा-गॅलॅक्टोसिडेज या भल्यामोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडला, आणि नंतर सायनोजेन ब्रोमाइड या रसायनाने कापून काढला. आज प्रथिनाला आपण बिनदिक्कत शेपूट लावतो, त्याची एक सुरुवात इथे आहे. पुढच्याच वर्षी मानवी इन्शुलिन झालं, १९८२ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. १९८५ मध्ये मृतदेहांतून काढलेल्या वाढीच्या संप्रेरकातून मेंदूचा जीवघेणा रोग पसरल्याचं उघड झालं. त्याच वर्षी जिवाणूत बनवलेल्या संप्रेरकाला परवानगी मिळाली.

प्रयोगशाळांचं काम सोपं झालं ते यानंतर. जिवाणूकडून हवं ते प्रथिन भरपूर बनवून घेण्याची स्टडियर आणि मोफॅट यांची टी-७ पद्धत १९८६ ची. बीएल-२१ हे ई. कोलायच्या एका वाणाचं नाव नाशिकमधल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं ते तिच्यामुळे. १९८०च्या दशकाच्या शेवटी हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा कड्यांची शेपटी आली, तीच लेबलवरची हिज-टॅग. ती निकेलला चिकटते, बाकीचा गाळ वाहून जातो, आणि मग इमिडाझोल हे रसायन ओतलं की प्रथिन सुटतं.

ई. कोलायच्या मर्यादाही आहेतच. मानवी पेशी प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढवतात, हा चढवत नाही. कधी प्रथिनाच्या गाठी करून ठेवतो, त्या विरघळवून पुन्हा घडी बसवावी लागते. वर त्याच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन हे विष: पेशींवरचा प्रयोग असेल तर लेबलवरचा तो आकडा आधी बघावा. म्हणून हॅमस्टरच्या सीएचओ पेशी आल्या, मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या हेक-२९३ आल्या (२९३ म्हणजे फ्रँक ग्रॅहम यांच्या वहीतला प्रयोग क्रमांक!) आणि यीस्टही आलं. वाइनच्या टाकीत द्राक्षरस आंबवणारं यीस्ट आणि मानवी इन्शुलिन बनवणारं यीस्ट, जात एकच, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. नाशिककराला हे वेगळं समजवायला नको. भारतात १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेकनिक्सने हेपॅटायटिस बी ची रिकॉम्बिनंट लस आणली. त्याआधीच, १९८९ मध्ये, जनुक बदललेल्या जिवांबाबतचे नियम जाहीर झाले होते. संस्थेची जैवसुरक्षा समिती असते ती त्यांतूनच.

उरला कॅरियर-फ्री. प्रथिन अगदी विरळ झालं की प्लॅस्टिकच्या भिंतींना चिकटून संपतं, म्हणून त्यात ०.१ टक्के बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं एक प्रथिन, ‘कॅरियर’ म्हणून घालायची पद्धत पडली. जिथे बीएसए प्रयोगातच लुडबुड करतं, तिथे ते वगळलेली कुपी घ्यायची. अशी कुपी पत्रकात सांगितलेल्याच बफरमध्ये विरघळवावी, व्हॉर्टेक्स करू नये (यंत्रावर जोरात घुसळू नये), फेस आला की प्रथिन बिघडतं. छोटे भाग करून ते उणे ८० अंशांना ठेवावेत आणि एक भाग एकदाच वितळवावा. वीज गेलीच, तर डीप फ्रीझरचं दार उघडू नये.