पाणी गळतं, तरी डोळे कोरडे

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या आमच्या आत्याचे डोळे गेल्या उन्हाळ्यात सारखे गळायचे. स्कूटरवर मागे बसून राजवाड्यापर्यंत गेली की पदर ओला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "डोळे कोरडे पडलेत." आत्या भडकली. "पुसून पुसून पापण्या सोलल्या, आणि म्हणे कोरडे!"

डॉक्टर बरोबर होते. एका डोळ्यात एरवी अश्रू असतात जेमतेम ७ मायक्रोलिटर. औषधाचा एक थेंब याच्या कितीतरी पट मोठा, म्हणून तर तो गालावर ओघळतो. एवढ्याशा पाण्याचा पापुद्रा डोळ्यावर टिकतो तो मिश्रणामुळे. तळाशी चिकट श्लेष्म, मध्ये क्षार आणि प्रथिनं विरघळलेलं पाणी, वर तेलाची पातळ साय. साय विरळ झाली की माळव्यातल्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, डोळा चुरचुरतो आणि अश्रुग्रंथी घाबरून पाणी ओतत सुटते. ते ओघळून जातं. कोरडेपणा तसाच.

तपासणीत फिल्टर पेपरची ५ मिलिमीटर रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवतात. जर्मन डॉक्टर ओटो शिर्मर यांची ही १९०३ची युक्ती. पाच मिनिटांत पट्टी ५ मिलिमीटरसुद्धा भिजली नाही, तर पाणीच कमी. आत्याची भिजली १४. म्हणजे पाणी भरपूर, गडबड मिश्रणात.

मिश्रण पाहायची मला सर्वांत आवडणारी रीत साधी आहे. काचपट्टीवर अश्रूचा थेंब वाळू द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. निरोगी अश्रूचे क्षार वाळताना नेच्याच्या पानासारखी दाट नक्षी काढतात. कोरड्या डोळ्याच्या अश्रूत फांद्या तुटक, मध्ये मोकळी जागा. आता क्षारांची तीव्रता मोजणारी यंत्रंही आहेत. निरोगी डोळ्यात ती लिटरला ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास असते, ३०८च्या पुढे गेली की संशय घ्यायचा. डोळ्याला सूज असेल तर एमएमपी-९ नावाचं विकर अश्रूंत वाढतं, तेही तपासता येतं.

अश्रूंत जंतू मारणारं विकरही असतं, लायसोझाइम. पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी, १९२२मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंगने ते जगापुढे मांडलं. प्रयोगाला अश्रू हवेत म्हणून तो लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचा! अश्रूंतली साखर मोजून मधुमेहावर लक्ष ठेवणारी लेन्स काढायचा घाट गूगलने २०१४मध्ये घातला, पण २०१८मध्ये तो गुंडाळला. रक्ताच्या मानाने अश्रूंत साखर फारच कमी, आणि दोन्हींचा मेळ नीट बसेना.

आत्याच्या पापण्यांतल्या तेलाच्या ग्रंथी तुंबल्या होत्या. प्रत्येक पापणीच्या कडेला त्यांची विसाहून जास्त बारीक तोंडं असतात. तेल घट्ट झालं की ती बुजतात, ऊब दिली की तेल पातळ होऊन वाहतं. म्हणून डॉक्टरांनी रोज शेक घ्यायला सांगितला.

"बाहेर बेचाळीस डिग्री," आत्या म्हणाली, "आणि मी डोळ्यांवर गरम फडकं ठेवू?"

ठेवलं मात्र. कूलरसमोर बसून. शेवटी मीच कूलरचं तोंड दुसरीकडे वळवलं.