कोयनेची पहाट आणि शाळेची भिंत: सुरक्षा तपासणीमागची पार्श्वभूमी

शाळेची सुरक्षा म्हटलं की आज मुख्याध्यापकांसमोर मोठी यादी येते: स्ट्रक्चरल ऑडिट, अग्निशमन यंत्र, सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती. या यादीतली जवळपास प्रत्येक ओळ कुठल्या तरी दुर्घटनेनंतर लिहिली गेली आहे. बहुतेक दुर्घटना लांबच्या गावांतल्या. सातारा-सांगलीच्या वाट्याला मात्र स्वतःची दुर्घटना आली होती, आणि तिचा धडा वर्गखोल्यांपर्यंत पोचायला फार वेळ लागला.

11 डिसेंबर 1967, सोमवार. पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनानगर हादरलं. पाटण तालुक्यात दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तोवर दख्खनचं पठार भूकंपापासून जवळजवळ निर्धोक मानलं जाई. 1970 मध्ये देशाचा भूकंप-नकाशा बदलला आणि कोयनेचा परिसर चौथ्या क्षेत्रात, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेला. दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा पट्टा इथल्या बांधकामात का हवा, याचं उत्तर त्या पहाटेत आहे. शाळा भरायला तेव्हा सहा तास तरी बाकी होते. हाच धक्का सकाळी अकराला बसला असता तर शाळांच्या इमारतींचा हिशेब लगेच मागितला गेला असता, असं मला ठामपणे वाटतं. 1993 चा किल्लारीचा भूकंपही पहाटेचाच. 26 जानेवारी 2001 ला मात्र गुजरातेत दिवस उजाडला होता. अंजारच्या अरुंद गल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुलं दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली.

आगीचे नियम तमिळनाडूतून आले. 16 जुलै 2004 ला कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपरापर्यंत पोचली आणि 94 मुलं गेली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2009 ला निकाल दिला: प्रत्येक शाळेत अग्निशमन साधनं हवीत, ती वापरायचं शिक्षण कर्मचाऱ्यांना हवं, इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे हवी. आपल्याकडे पोषण आहाराची खोली पुष्कळदा वर्गाला लागूनच असते, म्हणून हा निकाल आपल्याला परका नाही.

2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, सर्व ऋतूंत टिकणारी इमारत मागणारा 2009 चा शिक्षणहक्क कायदा आणि 2016 ची राष्ट्रीय शाळा सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वं, असे टप्पे पुढे आले. 2016 च्या तत्त्वांनी महत्त्वाची गोष्ट केली: मोठ्या आपत्तीबरोबर रोजचे छोटे धोकेही तपासणीत आणले. भिंतीला न बांधलेलं पुस्तकांचं कपाट, आत उघडणारं दार, व्हरांड्याची कुलूपबंद जाळी. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने माणसांपासूनच्या धोक्याकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहायला लावलं.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते? भिंतीला तडा दिसला की त्यावर आडवी काचपट्टी प्लास्टरने चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. पट्टी फुटली तर तडा अजून हलतो आहे. कौलारू खोलीत वासे टोकाशी, भिंतीत शिरतात तिथे, ठोकून पाहायचे. वाळवी आणि ओल तिथेच लपते. एवढं शाळा व्यवस्थापन समितीला करता येतं. पुढचं अभियंत्याचं काम. खोली धोकादायक ठरली की निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे जातो. तो मंजूर होईपर्यंत वर्ग समाजमंदिरात किंवा देवळात भरतात आणि मोडकी खोली मात्र मैदानाच्या कडेला उभीच असते. मधल्या सुट्टीत मुलं तिच्याच सावलीत खेळतात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत धोकादायक काळ हाच.

कृष्णाकाठी आणखी एक गोष्ट आहे. सांगलीला आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. अशा वेळी उंचावरची शाळा पूरग्रस्तांचं घर होते. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हाही वाचलेल्या कुटुंबांपैकी अनेकांना कोयनानगरला शाळेतच आसरा मिळाला. म्हणजे इथल्या इमारतीला दोन परीक्षा द्याव्या लागतात, मुलांची आणि गावाची. तपासणी एरवी पहिल्या परीक्षेपुरतीच होते.

25 जुलै 2025 ला राजस्थानात पिपलोदीच्या शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली आणि केंद्राने राज्यांना शाळांच्या सुरक्षा तपासणीचे निर्देश दिले. आपल्या जिल्ह्यांत त्या तपासणीत एक रकाना वाढवायलाच हवा: पूर ओसरल्यावर किंवा निवारा उठल्यावर पाया, वायरिंग, पाण्याची टाकी आणि शौचालय पाहून, लेखी दाखला मिळाल्याशिवाय वर्ग भरवू नये.