सरपण ओळखा ओंडक्याच्या तोंडावर

वखारीत बाभूळ मागितली आणि मोळीत निम्म्या फोडी सुबाभळीच्या निघाल्या, तर ते घरी चूल पेटल्यावरच कळतं. नुसत्या सालीवर भरवसा ठेवला की असं होतं. कोवळ्या बाभळीची साल फारशी फुटलेली नसते आणि जुन्या ओंडक्याची वाहतुकीतच झडून जाते. म्हणून साल आधी बघावी, पण निकाल कापलेल्या तोंडावरच द्यावा.

करवतीनं कापलेल्या तोंडावर भुसा बसून लाकडाची छिद्रं बुजतात. धारदार चाकूनं नखाएवढा भाग एका ओढीत तासावा, ओलं बोट फिरवावं आणि 10 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून उन्हात बघावं. चाकू बोथट असेल तर धागे चुरडतात आणि काहीच दिसत नाही. नीट तासलं असेल तर बारीक टिंबं दिसतात. त्या झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या. बाभळीत नळीभोवती फिकट कडं असतं. सुबाभळीतही ते असतं, त्यामुळं तेवढ्यावर थांबू नये. बाभळीचा गाभा तांबूस तपकिरी, भोवतीचं लाकूड पिवळट पांढरं. साल काळपट, उभ्या खोल भेगांची, फोडली की आतून तांबडी. सुबाभळीची साल पातळ, करडी आणि गाभा फिकट तपकिरी. दोन सारख्या, वाळलेल्या फोडी दोन हातांत धरल्या की वजनातला फरक लगेच जाणवतो, बाभूळ जड लागते.

पाटण-जावळीकडचा ऐन मात्र सालीवरच ओळखावा. ती उभ्या-आडव्या भेगांनी चौकोनात फुटते, अगदी मगरीच्या पाठीसारखी. मगरीची पाठ कशी असते हे कृष्णाकाठी वेगळं सांगायला नको. निलगिरीची साल लांब पट्ट्यांनी सुटते. पांगाऱ्याचं लाकूड पांढरट, भुसभुशीत. भुर्रकन जळतं, निखारा टिकत नाही. चिंचेच्या मधे छोटा, जांभळट काळा गाभा असतो, बाकी सगळं पिवळट. तिचे धागे एकमेकांत गुंतलेले असल्यानं मधोमध मारलेली पाचर अडकून बसते, म्हणून कडेकडेनं ढलप्या काढाव्यात. कण्हेर चुलीत घालूच नये, तिचा धूरही विषारी असतो.

आता धगीचं. पूर्ण वाळलेलं लाकूड कुठलंही असो, किलोमागं सुमारे 4,500 किलोकॅलरीच देतं. जातीचा फरक आकारमानात असतो: तेवढ्याच मोळीत बाभळीचे किलो जास्त भरतात आणि तिचा निखाराही टिकतो. पण वजनावर घेताना खरा तोटा पाण्याचा. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. अशा 1 किलोत सुकं लाकूड 500 ग्रॅम, म्हणजे 2,250 किलोकॅलरी. त्यातल्या 300 पाण्याची वाफ करण्यातच जातात. पाणी 20 टक्क्यांवर आलेलं असेल तर तेवढ्याच किलोत जवळपास 3,500 हाती लागतात.

वाळलेल्या फोडींच्या तोंडावर गाभ्यातून निघालेल्या चिरा असतात आणि दोन फोडी आपटल्या की खणखण वाजतात. ओल्या भद्द वाजतात. चिरा मात्र फसवतात, कारण तोंड आधी वाळतं आणि पोट ओलंच राहतं. खात्रीसाठी एक फोड मधोमध फोडून आतली बाजू गालाला लावावी. गार, दमट लागली तर अजून वाळायची आहे. रचताना खाली दोन दांडे घालावेत, वरच्या थराची साल आभाळाकडे ठेवावी आणि पावसाळ्यात फक्त माथा झाकावा. चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की आतली वाफ कोंडते आणि बुरशी धरते.